टेबलावर शहाणा, हातात बंद

लॅपटॉप टेबलावर असला की दिवसभर बिनबोभाट चालतो. उचलून मांडीवर घेतला की क्षणात बंद. दुकानात नेला तर त्यांनी आधी व्हायरस काढला, मग फॉरमॅट मारला आणि आता ‘बोर्ड गेलाय’ म्हणतात. बोर्डाच्या किमतीत जुना लॅपटॉप येईल, तर करावे काय, असे साताऱ्याच्या एका वाचिकेने विचारले आहे.

बोर्डाचे पुढे बघू. फॉरमॅट मात्र फुकट गेला, हे आत्ताच सांगता येईल. यंत्र मांडीवर आहे की टेबलावर, याच्याशी व्हायरसला काही देणेघेणे नसते. हलवल्यावरच दिसणारा बिघाड म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती आयता आलेला पुरावा. आत काहीतरी सरकते आहे, वाकते आहे, सुटते आहे किंवा नको त्या गोष्टीच्या जवळ जाते आहे. पण दुकानात काय होते? लॅपटॉप काउंटरवर ठेवून, जराही न हलवता, तासभर चालवून पाहतात. तो चालतोच. मग ‘काहीच प्रॉब्लेम नाही’ म्हणून परत मिळतो, नाहीतर काहीतरी केल्यासारखे दिसावे म्हणून त्याचा फॉरमॅट होतो.

खरे तर यंत्राने आपला जबाब लिहून ठेवलेला असतो. विंडोजच्या स्टार्ट बटनावर उजवी क्लिक केली की ‘इव्हेंट व्ह्यूअर’ दिसते. त्यात ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘सिस्टीम’खाली ‘कर्नल-पॉवर’ नावाच्या नोंदी शोधायच्या. ४१ क्रमांकाची नोंद सापडली, तर लॅपटॉप रीतसर बंद न होता मध्येच कोसळला. ही नोंद तो पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते. मरणाऱ्याला आपल्या मृत्यूची वेळ कशी टिपता येणार? तपशिलात ‘बगचेक कोड’समोर शून्य असेल तर बहुधा वीजच तुटली. दुसरा आकडा असेल तर निळा पडदा येऊन गेला, आणि मग संशय सैल बसलेल्या रॅमवर किंवा ड्राइव्हवर जातो.

४२ क्रमांक असेल तर मात्र प्रकरणच निराळे. लॅपटॉप बंद पडलेलाच नाही. तो झोपला, आणि कोणीतरी सांगितले म्हणून झोपला. नव्या बनावटीच्या बऱ्याच लॅपटॉपांत याच अर्थाची नोंद ५०६ क्रमांकाने होते. कारणाच्या रकान्यात झाकणाचे नाव असते. झाकण तर उघडे होते!

झाकण मिटल्याचे लॅपटॉपला कळते ते बहुतेक वेळा चुंबकामुळे. पडद्याच्या चौकटीत एक लहानसा चुंबक दडलेला असतो आणि खाली, कीबोर्डाच्या कडेला, एक संवेदक. चुंबक जवळ आला की संवेदक ‘झाकण मिटले’ असे कळवतो. चुंबक कोणाचा, हे त्याला ओळखता येत नाही. लॅपटॉप उचलणाऱ्या मनगटावर चुंबकी पट्ट्याचे घड्याळ असले, कडेला चुंबकाने मिटणारे मोबाइलचे कव्हर आले, किंवा लॅपटॉप उचलून दुसऱ्या मिटलेल्या लॅपटॉपवर ठेवला, तरी पडदा काळा व्हायला तेवढे पुरते. अशा वेळी दुरुस्तीचा खर्च शून्य : घड्याळ काढायचे.

या संवेदकामागची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८७९मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल हा विद्यार्थी मॅक्सवेलचा विद्युत-चुंबकत्वावरचा ग्रंथ वाचत होता. चुंबकाजवळच्या तारेला जो रेटा बसतो तो तारेला बसतो, तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहाला नव्हे, असे मॅक्सवेलने त्यात लिहिले होते. हॉलला हे पटेना. तारेत प्रवाह नसला तर रेटा नाही, प्रवाह वाढला की रेटा वाढतो, आणि तार कोणत्या धातूची, जाड की बारीक, याने काही बिघडत नाही. मग रेटा प्रवाहाला बसत नाही असे कसे म्हणायचे? त्याने गुरू हेन्री रोलंड यांना गाठले. त्यांनाही तीच शंका आली होती आणि त्यांचा प्रयोग फसला होता. हॉलचाही पहिला प्रयत्न फसला. मग त्याने काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवला, त्यातून वीज सोडली, काच चुंबकाच्या दोन टोकांमध्ये धरली आणि वर्खाच्या दोन कडांना गॅल्व्हनोमीटर जोडला. काटा हलला. प्रवाह चुंबकामुळे एका कडेकडे ढकलला जात होता. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अजून अठरा वर्षे होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वर्खाची थोरवी कळते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅक्सवेल वारला. हॉलच्या परिणामाच्या पुंज रूपांवर १९८५ आणि १९९८ अशी दोनदा नोबेल पारितोषिके दिली गेली. १९३८पर्यंत जगलेल्या हॉलला स्वतःला ते मिळाले नाही. आज त्याचा परिणाम लॅपटॉपच्या झाकणाच्या संवेदकात, गाड्यांच्या इंजिनात, इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये मुकाट राबतो आहे.

पण वाचिकेच्या लॅपटॉपचा दोष बहुधा ४२चा नसावा. ‘क्षणात बंद’ आणि पुन्हा बटन दाबल्यावर पहिल्यापासून सुरुवात, हे ४१चे लक्षण. इथे ज्याचे नाव घ्यायला हवे तो रॅग्नर होल्म योगायोगाने १८७९मध्येच स्वीडनमध्ये जन्मला. हॉलचे नाव पदवीच्या पुस्तकात तरी सापडते. होल्म तिथेही नाही. बर्लिनमध्ये सीमेन्स कंपनीत असताना त्याने एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला : धातूचे दोन तुकडे एकमेकांना टेकतात म्हणजे नेमके काय होते?

ते जवळजवळ टेकतच नाहीत, हे त्याचे उत्तर. गुळगुळीत दिसणारा पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ असतो. सह्याद्री उपडा करून सातपुड्यावर ठेवला तर किती शिखरे एकमेकांना भिडतील? केंब्रिजच्या फ्रँक फिलिप बाउडेन यांनी स्वित्झर्लंड उलटा करून ऑस्ट्रियावर ठेवल्याची कल्पना मांडली होती, ती याच अर्थाने. प्लग आणि सॉकेट यांचा दिसणारा संपर्क कितीही मोठा असो, वीज जाते ती या मूठभर शिखरांच्या टोकांतूनच. सगळा प्रवाह तिथे आकसून जातो, म्हणून तिथे रोध वाढतो आणि उष्णता होते. होल्मने याचे गणित मांडले, ग्रंथ लिहिला, आणि विद्युत-संपर्कांवर काम करणारे अभियंते आजही त्याच्या नावाच्या परिषदेला जमतात. आपल्याकडे घराघरांत, रिक्षाच्या हॉर्नपासून मिक्सरपर्यंत, ‘लूज कॉन्टॅक्ट आहे’ म्हणणाऱ्या लाखो लोकांना या माणसाचे नाव माहीत नाही, याची चुटपुट लागते.

संपर्क नुसता सैल झाल्याने बिघडतो असेही नाही. उचल-ठेव करताना, पिशवीत घालून एसटीने नेताना, कनेक्टरमधले धातू एकमेकांवर काही मायक्रॉन घासतात. कनेक्टरवर कथिलाचा मुलामा असेल तर प्रत्येक घासण्याने ताजे कथील उघडे पडते आणि त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. तो कडक असतो आणि विजेला अडवतो. असे होत होत शिखरांवर चुरा साचतो. सोन्याचा मुलामा म्हणूनच देतात; सोन्यावर ऑक्साइड धरत नाही. तो मुलामा बहुधा एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. रॅमची सोनेरी टोके खोडरबराने घासण्याचा दुकानांतला रिवाज त्यामुळे बेताने पाळलेला बरा. मऊ पांढरे रबर, हलका हात आणि फार तर दोनदा. खरखरीत रबराने सोनेच निघून जाते. कोकणपट्टीची खारी, दमट हवा संपर्क बिघडवायला आणखी हातभार लावते.

आता एक छोटा हिशेब. वीज तुटल्यावर बोर्डावरचे कपॅसिटर तेवढ्यापुरता धीर देतात. समजा ते सगळे मिळून ३०० मायक्रोफॅराड भरले आणि दाब १९ व्होल्ट असला, तर साठा होतो ०.०५४ ज्यूल. ३० वॅट खाणारा लॅपटॉप तो दोन सहस्रांश सेकंदांच्या आत संपवतो. पापणी लवायलासुद्धा याच्या पन्नासपट वेळ लागतो. म्हणजे संपर्क तुटल्याचे डोळ्यांना दिसणार नाही, कानांना ऐकू येणार नाही, आणि लॅपटॉप मात्र गेलेला असेल.

तरीही एक गोष्ट खटकायला हवी. लॅपटॉपला वीज दोन वाटांनी मिळते : अडॅप्टरमधून आणि बॅटरीतून. अडॅप्टरची पिन हलली तर बॅटरीने सावरायला हवे. सावरत नसेल तर बिघाड एक नाही, दोन आहेत. जॅक सैल आहेच, शिवाय बॅटरी मेलेली आहे किंवा नीट जोडलेली नाही. दुकानात यातला एकच दुरुस्त होतो आणि महिन्याने गिऱ्हाईक पुन्हा दारात उभे राहते. हे तपासणे घरी जमण्यासारखे आहे. आधी अडॅप्टर काढून, नुसत्या बॅटरीवर लॅपटॉप सुरू करावा आणि हळूच एक-एक कोपरा उचलावा. मग अडॅप्टर लावून लॅपटॉप टेबलावर तसाच ठेवावा आणि फक्त जॅकपाशी वायर किंचित हलवावी. चार्जिंगचा दिवा लुकलुकला तर जॅकचा गुन्हा कबूल. पडदा काळा झाला पण कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र जिवंत आहे. बिजागरीतून पडद्याकडे जाणारी केबल पाहावी. आणि हलवल्यावर आत काही खुळखुळत असेल तर पुढे काहीच करू नये. मागच्या दुरुस्तीत उरलेला एखादा स्क्रू बोर्डावर फिरत असतो, आणि तो कुठे जाऊन शॉर्ट करील याचा नेम नाही.

काही जुन्या लॅपटॉपांत धक्का ओळखणारा संवेदक असतो, त्याच्यावरही आळ येतो. आयबीएमने २००३मध्ये थिंकपॅडमध्ये तो आणला. त्याचे काम हार्ड डिस्कचे वाचणारे टोक बाजूला घेणे. लॅपटॉप बंद करणे नव्हे. एसएसडी आल्यावर त्याची गरजही सरली. त्याला सोडून द्यावे.

राहिला बोर्ड. चिप बोर्डाला धरून ठेवणारे डाखाचे शेकडो बारीक मणी रोज तापतात आणि निवतात. चिप आणि बोर्ड सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून प्रत्येक फेरीत मणी थोडे ताणले जातात. अशा थकव्याचा नियम अमेरिकेत कॉफिन आणि मॅन्सन यांनी १९५०च्या दशकात स्वतंत्रपणे मांडला. मण्याला तडा गेलेला असला, की लॅपटॉप एका कोपऱ्याने उचलल्यावर बोर्ड वाकतो, तडा उघडतो आणि यंत्र थांबते. युरोपीय संघाने १ जुलै २००६पासून शिसे असलेल्या डाखावर निर्बंध आणले, तेव्हापासून असा प्रत्येक दोष बिनशिशाच्या डाखाच्या माथी मारायची पद्धत पडली आहे. नेहमीच तसे नसते. जुलै २००८मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या सदोष चिपांपोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचे जाहीर केले. तिथले दुखणे चिपच्या पाकिटाच्या आतल्या जोडांत होते, बाहेरच्या मण्यांत नव्हे.

हे सांगायचे कारण म्हणजे ‘रिफ्लो’. चिपवर गरम हवा मारून किंवा चक्क स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये बोर्ड भाजून लॅपटॉप जिवंत केल्याचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. व्हिडिओ खोटे नसतात, ते लवकर संपतात एवढेच. आतला जोड उष्णतेने काही दिवस, काही आठवडे पुन्हा धरतो आणि मग सुटतो. बिनशिशाचा डाख वितळायला साधारण २१७ अंश सेल्सियस लागतात. तेवढ्यात बोर्डावरचे प्लॅस्टिकचे कनेक्टर, कपॅसिटर आणि पुढे त्याच ओव्हनमध्ये केक भाजणारी माणसे, कोणाचेच भले होत नाही. ‘रिबॉलिंग’मध्ये मणी नवे बसतात, पण चिप तीच राहते. दोष चिपच्या आत असेल तर तोही खर्च पाण्यात. लॅमिंग्टन रोडवर असोत की साताऱ्यात, चिप-लेव्हलचे चांगले कारागीर हे आधीच सांगतात. जो सांगत नाही, त्याच्याकडे बोर्ड ठेवू नये.

म्हणून वाचिकेने आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. मग नोंदीचा क्रमांक, अडॅप्टर होता की नव्हता, कोणता कोपरा उचलल्यावर बंद पडला, एवढे एका कागदावर लिहून दुकानात द्यावे आणि तपासणी लॅपटॉप हलवूनच करायला सांगावे. बॅटरीचा कनेक्टर काढून पुन्हा बसवणे, जॅक बदलणे, रॅम काढून लावणे, या क्रमाने कमी खर्चाची कामे आधी व्हावीत; बोर्डाचा विषय त्यानंतर. मात्र टचपॅड वर आलेला दिसला किंवा खालचे झाकण फुगलेले दिसले, तर यातले काहीही करू नये. ती फुगलेली बॅटरी आहे. ती दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नये. भारतात २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. सेवाकेंद्रात ती परत घ्यायला गिऱ्हाइकाने सांगावे.