ताटावरचं नाव आणि हातातली कोरणी

मेसमध्ये ताट उलटं करून कधी पाहिलंत का? घर ओतूरचं असो की मंचर-घोडेगावचं, घरून आणलेल्या ताटावर आजीचं नाहीतर आईचं नाव आणि 'मामांकडून सप्रेम भेट' बहुधा सापडतंच. आपल्याकडे लग्नातलं भांडं नावाशिवाय सहसा जात नाही.

त्या अक्षरांकडे नीट बघा. जुन्या पितळी तांब्यावर ती ठिपक्याठिपक्यांची आणि खोल असतात, छिन्नी-हातोडीने ठोकलेली. नव्या स्टीलवर बारीक आणि थरथरलेली, इलेक्ट्रिक पेनची. साध्या पेनमध्ये एक विद्युतचुंबक असतो. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर तो दर सायकलला दोनदा ओढतो, म्हणजे टोक सेकंदाला १०० ठोके मारतं. काम झटपट होतं, पण खोली फार कमी. घासणीने काही वर्षांत नाव पुसट होतं.

खरी कोरणी या दोन्हींपेक्षा वेगळी. ती धातू नुसता दाबत नाही, कापून चिप काढते. म्हणजे आपल्या शेपरचं टूलच, फक्त मशीनच्या जागी तळहात! म्हणूनच मला वाटतं, हे काम आपल्यासारख्यांनी शिकायलाच हवं. बाजारात हाताने नाव घालणारे कमी होत चाललेत, आणि लागणारं निम्मं सामान आपल्या वर्कशॉपमध्ये पडलेलं असतं.

३ मि.मी. चौकोनी एचएसएस टूल बिट घ्या (सरांना विचारून!). कोपरा खाली धरला की ९० अंशाचा व्ही आपोआप मिळतो. पुढचा फेस ४५ अंशात घासा. मग टोकाखाली दोन बारीक उतार द्या, साधारण १५ ते २० अंशांचे. याला हील म्हणतात. हील नसेल तर मूठ पत्र्याला घासते आणि टोक खोल रुतत जातं. हील अर्ध्या मि.मी.पेक्षा लांब झाली तर वळणावर बाहेरची कड फाडते. शिकाऊ माणसाची निम्मी चिडचिड या अर्ध्या मि.मी.पायी असते. जुन्या कानशीच्या तुकड्याचीही कोरणी होते, पण ग्राइंडरवर निळी पडली की तिची धार गेलीच समजा. एचएसएस एवढ्याने मऊ पडत नाही.

शेवटी ऑइलस्टोनवर धार लावा आणि टोक दिव्याखाली धरा. टोक चमकलं तर ते बोथट आहे. धारदार टोकावरून उजेड परत येतच नाही.

सरावाला १ मि.मी.चा तांब्याचा पत्रा बरा. त्यावर पांढऱ्या पोस्टर कलरचा पातळ हात द्या, पेन्सिलने आखा. पत्रा लाकडी ठोकळ्यावर पक्का करा आणि ठोकळा वाळू भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर ठेवा. वळण घेताना कोरणी वळवायची नाही, ठोकळा फिरवायचा. डावा हात कोरणीच्या पुढे कधीही नको. गॉगल लावाच, चिप डोळ्यात उडते.

आधी सरळ रेघा, मग कमानी. अक्षरांची सुरुवात मात्र देवनागरीने करू नका, ब्राह्मीने करा! नाणेघाटातला सातवाहनांचा लेख आपल्या जुन्नर तालुक्यातलाच, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात. तो दगडातला, पण लिपी शिकाऊ हाताला फार सोयीची. शिरोरेघ नाही. जुन्या ब्राह्मीत 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह, 'र' उभी रेघ, 'ठ' वर्तुळ. ही तीन अक्षरं जमली की हात बसला.

देवनागरीत उभे दांडे आधी, गाठी आणि वळणं नंतर, शिरोरेघ सगळ्यात शेवटी. म्हणजे अक्षरांची उंची थोडी चुकली तरी ती सांभाळून घेते. अवघड वाटलं तर मिरजेची गीता आठवा. पुण्यात मॅलेट या इंग्रज वकिलाच्या काळात एक तांबट हे कोरीवकाम शिकला, आणि १८०५ मध्ये मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. छापायचं म्हणजे प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं कोरायचं!

आणि मेसचं स्टीलचं ताट पहिले काही महिने बाजूलाच ठेवा. स्टेनलेस स्टीलवर टोक घसरलं की ती जागा आणखी कडक होते, आणि दुसऱ्या खेपेला टोकच मोडतं.