कानांनी वाचणाऱ्यांसाठी

माझ्या वर्गातील एक मित्र जन्मांध आहे. तो संगणकावर वाचतो, लिहितो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. वास्तविक त्यात चमत्कार नाही. ‘स्क्रीन रीडर’ नावाची आज्ञावली पडद्यावरील मजकूर वाचून दाखवते आणि तो माऊसऐवजी कळफलकावर काम करतो. एनव्हीडीए ही अशीच एक आज्ञावली. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली ती लिहावयास घेतली. ती विनामूल्य मिळते.

मग अडते कोठे? स्क्रीन रीडर पानाचे रूप पाहत नाही, पानाच्या पोटातील लेखन वाचतो. चित्राला शब्दांत वर्णन जोडलेले नसेल, तर तो फार तर ‘चित्र’ म्हणून पुढे जातो. सूचनेच्या कागदाचा नुसता फोटो चढवला, तर त्याचीही तीच गत. अर्जातील रकान्याला नाव जोडलेले नसेल, तर येथे काही लिहावयाचे एवढेच कळते. नाव की जन्मतारीख, हे कळत नाही. मथळा केवळ ठळक अक्षरांत न ठेवता मथळा म्हणून नोंदवला, तर ‘एच’ ही कळ दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जाता येते. आपण वर्तमानपत्र चाळतो, तसेच हे.

आपल्यासारख्या दोन भाषांच्या अंकाने आणखी एक पथ्य पाळावयास हवे. कोणता मजकूर मराठी व कोणता कन्नड, याची खूण पानात हवी. मराठी-हिंदीची लिपी एकच. खूण नसेल तर मराठी लेख हिंदी उच्चारांत ऐकावा लागण्याचा संभव असतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत तर वर सुबक देवनागरी दिसते, पण आत निराळीच अक्षरे असतात. ऐकणाऱ्याच्या पदरी निरर्थक ध्वनी पडतात.

हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. अर्ज स्वतः भरता न आल्याने माझ्या मित्राला आपला पासवर्ड दुसऱ्यास सांगावा लागला आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला.

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या अशी पाने तयार करतील. त्यांनी एकदा माऊस बाजूला सारावा, पडदा झाकावा, आणि स्क्रीन रीडर लावून आपलाच अर्ज भरून पाहावा. जेथे आपण अडू, तेथेच दुरुस्ती हवी आहे.