व्हिडिओकॉनचा मोबाईल गेला कुठे?

भाईंदर पूर्वेला नवघर रोडवरच्या दुकानात आज कुणी व्हिडिओकॉनचा मोबाईल मागितला, तर दुकानदार हसेल. माझ्या वर्गातल्या मुलांना हे नाव माहीत आहे ते नानीच्या जुन्या टीव्हीवरून. पण औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) या कंपनीने 2009 मध्ये मोबाईलही बाजारात आणला होता.

धूत कुटुंबाकडे टीव्ही-फ्रिज विकणाऱ्या दुकानदारांचं जाळं होतं, घराघरात नाव होतं. हँडसेट विकायला एवढं पुष्कळ झालं असतं. कंपनीला मात्र हँडसेट, सिमकार्ड, डीटूएच सगळं एकदमच हवं होतं. 2008 मध्ये तिला 21 सर्कलचे दूरसंचार परवाने मिळाले. नेटवर्क म्हणजे पैसा खाणारा धंदा. टॉवर आधी उभे करा, गिऱ्हाईक मागाहून येणार. 2 फेब्रुवारी 2012 ला सुप्रीम कोर्टाने टूजी प्रकरणात 122 परवाने रद्द केले, त्यात हे 21 ही गेले. तिथेच हात आवरता आला असता. पण त्याच वर्षीच्या लिलावात कंपनीने सहा सर्कलसाठी पुन्हा पैसे ओतले. 2016 मध्ये ते स्पेक्ट्रम एअरटेलला 4,428 कोटींना विकायचं ठरलं. भाव बरा मिळाला, खोटं कशाला बोला! पण कर्जाचा डोंगर काही हलला नाही.

फोनच्या धंद्यात दर काही महिन्यांनी नवं मॉडेल लागतं, दुरुस्तीचं सेंटर जवळ लागतं. इथे मालकांचं लक्ष दहा ठिकाणी. मायक्रोमॅक्स तर मोबाईलवरच जगत होती. तिने 2014 मध्ये सॅमसंगला घाम फोडला, पुढे चिनी कंपन्यांसमोर तीही टिकली नाही. मग अर्ध्या मनाने केलेल्या फोनचं काय होणार?

ही खोड जुनीच. 2005 मध्ये, सपाट पडद्याचे टीव्ही येऊ लागलेले असताना, व्हिडिओकॉनने थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला होता.

जून 2018 मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. देणेकऱ्यांचे मान्य झालेले दावे सुमारे 64,800 कोटींचे. 2021 मध्ये वेदांता समूहाची ऑफर मंजूर झाली 2,962 कोटींची. अपील लवादाने जानेवारी 2022 मध्ये तीही मंजुरी रद्द केली.

आपल्या भाईंदरच्या गाळ्यांत जॉबवर्क करणाऱ्यांनी एक गोष्ट बघावी: अशा वेळी उधारीवर सुटे भाग देणारा छोटा कारखानदार वसुलीच्या रांगेत बँकांच्याही मागे उभा असतो.