शाळेला सुट्टी, पोटाला नाही

परीक्षा आटोपल्या. दप्तरे खुंटीला लागली. आता जूनच्या मध्यापर्यंत लेकरे घरी. साहेबलोकांच्या मुलांना सुट्टी म्हणजे सहली आणि शिबिरे. आपल्याकडे सुट्टी म्हणजे काय, हे सकाळी सातला कामावर निघणाऱ्या मायला विचारावे. दिवसभर पोरे काय खातील, कुठे जातील, हाच तिच्या जिवाला घोर.

खाण्याचेच आधी घेऊ. शाळेतली खिचडी बंद झाली की दुपारचे एक ताट घरावर येते. पुष्कळ घरांत हे ध्यानातच येत नाही आणि पोरगं भाकरीच्या तुकड्यावर, नाही तर गारीगारवर दुपार काढतं. दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेत आहार द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दिला होता. आपल्या भागात दुष्काळ जाहीर झाला असेल तर मुख्याध्यापकांना जाऊन विचारावे. एकटीने नको, वस्तीतल्या पाच-सहा जणींनी मिळून जावे. एरवी घरीच सोय लावायची. रात्री मटकी भिजवून मोड आणावेत, मूठभर शेंगदाणे आणि गूळ डब्यात काढून ठेवावा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. पुड्यातल्या कुरकुरीत खाऊपेक्षा ते केव्हाही बरे. ताक मिळाले तर उत्तमच.

हिंगोली, कळमनुरी, वसमतकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या घरात तर भट्टीच. म्हणून अकरा ते चार मुलांना झाडाखाली, समाजमंदिरात, विहारात, जिथे गारवा असेल तिथे बसवावे. एखाद्या शिकलेल्या पोराने तिथे चार गोष्टींची पुस्तके आणून ठेवली तर दुपार कशी सरली ते कळणार नाही. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असे अजून काही घरांत सांगतात. कांदा भाकरीसोबत खावा; उन्हापासून वाचवते ते पाणी, सावली आणि डोक्यावरचे ओले फडके.

जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहावे. उरलेले दुसऱ्या दिवशी फेकून द्यावे. पण अंग तापून मूल बरळू लागले, शुद्ध हरपू लागली, तर तो साधा ताप समजू नये. सावलीत निजवावे, कपडे सैल करून अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करून गाडी बोलवावी. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी मुळीच ओतू नये.

आता सगळ्यात मोठी धास्ती. उन्हाळ्यात कयाधूचे पात्र कोरडे पडते, मग पोरे विहिरी आणि शेततळी धुंडाळतात. आम्ही पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो, पण काठावर काका उभे असत आणि दोर त्यांच्या हातात असे. शेततळ्याची गोष्ट वेगळी. त्याला आतून प्लास्टिकचे अस्तर असते, ते ओले झाले की पाय टिकत नाही. पोहता येणारे पोरही वर चढू शकत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही आतच राहतो. ज्याच्या वावरात कामाला जाता त्या मालकाला सांगून काठाला गाठी मारलेला दोर बांधून घ्यावा. मुलांनाही बजावावे की कोणी पडले तर उडी मारायची नाही. दोर, धोतर, रिकामा कॅन, हाताला येईल ते फेकायचे आणि ओरडायचे. हळद शिजवण्याच्या कढईजवळही लेकरांना फिरकू देऊ नये, उकळत्या पाण्याने भाजलेले अंग लवकर भरून येत नाही.

ऊन उतरले की मात्र कोंडून ठेवू नका. विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या, लंगडी, यांना पैसा लागत नाही. एक गोष्ट मात्र खटकते. पाच वाजता मैदानावर पोरेच दिसतात. पोरगी हंडा घेऊन नळावर, नाही तर धाकट्याला कडेवर घेऊन दारात. तिलाही सुट्टी आहे ना? तासभर हंडा भावाने धरावा, नाही तर बापाने.