उंच डोंगराची घरातली तयारी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत शरीर कमावणे ही कुणा एकाची हौस नसून ती पेठेची रीत आहे. १८९४ ते १९२२ या काळात करवीरच्या गादीवर असलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, त्यातून शहरातील तालमींना बळ मिळाले, आणि पुढे कुस्तीच्या बरोबरीने मर्दानी खेळ व फुटबॉल यांचीही परंपरा पेठेतील तालमींनी आणि तरुण मंडळांनी जिवापाड जपली. गेल्या काही दशकांत या परंपरेला गिरिभ्रमणाची जोड मिळाली आहे. १४ मे २०२२ रोजी कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकर यांनी एव्हरेस्टचा माथा गाठला, तेव्हा त्या यशामागे लहानपणापासून वडील दीपक सावेकर यांच्याबरोबर सह्याद्रीत केलेली भटकंती होती, आणि त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, खराब हवामानामुळे माथा न गाठता परतण्याचा स्वीकारलेला निर्णयही होता. घराने घडवलेले पाय आणि परत फिरण्याची तयारी या दोन्ही गोष्टी त्या एका उदाहरणात एकत्र दिसतात.

बाप-लेक, भाऊ-बहीण किंवा पती-पत्नी मिळून हिमालयातील एखाद्या शिखराचा किंवा उंचावरील पदभ्रमणाचा बेत आखतात, तेव्हा व्यायाम, बूट, सॅक आणि खर्च यांचा विचार बहुधा नीट होतो. मात्र त्या उंचीवर आपले नाते कसे वागेल, याचा विचार राहून जातो. वास्तविक अशा मोहिमेची तयारी दुहेरी असते, एक शरीराची आणि दुसरी नात्याची, आणि दुसरी कच्ची राहिली तर पहिलीचा उपयोग ऐन वेळी होत नाही.

सह्याद्री काय देतो

पायांची तयारी करण्यास कोल्हापूरकरांना लांब जावे लागत नाही. रंकाळ्याभोवतीच्या पहाटेच्या फेऱ्यांनी दम वाढतो, जोतिबाच्या डोंगराची आणि पन्हाळ्याची चढण मांड्यांना कामाला लावते, आणि पावसाळ्यातील पन्हाळा ते पावनखिंड ही पदयात्रा शरीर व मन या दोहोंची परीक्षा घेते. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून १२ जुलै १६६० च्या रात्री छत्रपती शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे निघाले आणि ज्या वाटेवरील घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे व बांदलांच्या सैन्याने शत्रूला रोखून धरले, त्या वाटेवरून दर वर्षी जुलैच्या सुमारास अनेक संस्था व मंडळे ही मोहीम काढतात. मसाई पठारावरील धुके, गुडघ्यापर्यंतचा चिखल, ओढ्यांचे पाणी आणि ओल्या कपड्यांनी काढलेला मुक्काम यांतून दोन दिवसांत जे कळते, ते व्यायामशाळेत वर्षभर घाम गाळूनही कळत नाही: कोण भुकेला असला की चिडतो, कोण थकला की बोलेनासा होतो आणि कोण पायाला फोड आला तरी लपवतो. उंच पर्वतावर जाण्यापूर्वी एकमेकांच्या या सवयी दोघांना ठाऊक असाव्यात, म्हणून निदान एक पावसाळी मोहीम बरोबर करणे आवश्यक मानावे.

व्यायामात चढण्याइतकाच उतरण्याचा विचार हवा. उतारावर मांडीचे स्नायू शरीराचे वजन पेलत पेलत लांबतात, आणि अशा ताणाची सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी पाय उचलवत नाहीत. तालमीतील बैठका या दृष्टीने आजही उत्तम व्यायाम आहेत. सॅकमध्ये पाण्याने भरलेल्या बाटल्या घेऊन चढावे, आठवड्यागणिक वजन थोडे थोडे वाढवावे, आणि सुरुवातीच्या काळात माथ्यावर पोचल्यावर पाणी ओतून टाकून हलक्या सॅकने उतरावे, म्हणजे गुडघ्यांवर अकारण भार येत नाही. नवे बूट घालून थेट हिमालयात जाणे हा हमखास फोड आणणारा प्रकार होय. ते आधी काही आठवडे वापरून पायाला बसलेले असावेत.

विरळ हवेचे गणित

सह्याद्री एक गोष्ट मात्र देऊ शकत नाही, ती म्हणजे उंची. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटरवर थांबते, तर उंचीचा त्रास साधारणपणे २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. पण उंचीबरोबर हवेचा दाब घटतो आणि त्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू कमी होतो. सुमारे ५५०० मीटरवर हा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा, तर ८८४८.८६ मीटरच्या एव्हरेस्ट माथ्यावर तो जेमतेम एकतृतीयांश राहतो.

शरीर या बदलाशी हळूहळू जुळवून घेते, आणि या प्रक्रियेला गिर्यारोहक ‘अ‍ॅक्लमटायझेशन’ म्हणतात. प्रथम श्वासाची गती वाढते, त्यामुळे रक्ताचा बदललेला आम्ल-अल्कली तोल मूत्रपिंडे काही दिवसांत सावरतात, आणि काही आठवड्यांत तांबड्या पेशींची संख्या वाढते. यासाठी वेळ द्यावाच लागतो. म्हणून ३००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा संकेत आहे. डोकेदुखीबरोबर मळमळ, अन्नावरची वासना उडणे, चक्कर किंवा विलक्षण थकवा जाणवू लागला, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच विकार समजून चढणे थांबवावे. बसल्या जागी धाप लागणे हे फुप्फुसांत पाणी साचत असल्याचे, आणि चालताना तोल जाणे किंवा बोलणे असंबद्ध होणे हे मेंदूला सूज येत असल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी पहाटेची वाट न पाहता रुग्णाला ताबडतोब खाली नेणे हाच खरा उपचार असतो. अ‍ॅसिटाझोलामाइडसारखे औषध काहींना उपयोगी पडते, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. हृदयविकार, रक्तदाब किंवा रक्तक्षय असलेल्यांनी तर बेत ठरवण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी.

कुटुंबांनी ध्यानात ठेवावी अशी महत्त्वाची बाब अशी, की कमावलेले शरीर उंचीच्या विकारापासून संरक्षण देत नाही. रोज हजार बैठका मारणारा तरुण मुलगा चार हजार मीटरवर आडवा पडू शकतो आणि त्याची पन्नाशीची आई तेथेच व्यवस्थित जेवू शकते. उलट ज्याचा दम दांडगा तो वेगाने चढतो, आणि वेगाने चढणाऱ्यालाच धोका अधिक असतो. त्यामुळे घरातील दोघांचा वेग एकच असेल, हे गृहीत धरून आखलेला कार्यक्रम मुळातच चुकीचा ठरतो.

नात्याची तयारी

जिव्हाळ्याच्या माणसाबरोबर चढण्याचा लाभ मोठा आहे, कारण त्याच्या चेहऱ्यातील किंवा बोलण्यातील फरक इतरांच्या आधी घरच्यालाच जाणवतो. याच जिव्हाळ्याची दुसरी बाजू अशी, की वडिलांचा हिरमोड होऊ नये म्हणून मुलगी डोकेदुखी लपवते, आणि मुलीसमोर कमी पडू नये म्हणून वडील थांबत नाहीत. तालमीने यावर फार पूर्वीच उपाय शोधला आहे: आखाड्यात उतरलेला मुलगा बापाच्या नव्हे, तर वस्तादाच्या शब्दाने चालतो, आणि बाप कितीही नामांकित मल्ल असला तरी तेथे मध्ये पडत नाही. उंच पर्वतावर मोहिमेचा नेता किंवा अनुभवी वाटाड्या हाच वस्ताद असतो, आणि त्याने थांब म्हटल्यावर थांबायचे, हे घरातून निघण्यापूर्वीच दोघांनी मान्य केलेले असावे.

आणखी काही प्रश्नांची उत्तरे घरीच ठरवून घ्यावी लागतात. एक आजारी पडला तर त्याच्याबरोबर कोण उतरणार, दुसऱ्याने पुढे जायचे की नाही, आणि माथा कितीही जवळ असला तरी किती वाजता मागे फिरायचे, हे प्रश्न विरळ हवेत, थकलेल्या मेंदूने सोडवण्याचे नाहीत. १६ मे २०१८ रोजी अजित बजाज आणि त्यांची कन्या दिया यांनी तिबेटच्या बाजूने एव्हरेस्ट सर केले. एकत्र एव्हरेस्ट चढलेली ती पहिली भारतीय बाप-लेकीची जोडी होय. अशा यशाच्या बातम्या वाचताना हे विसरू नये, की हे दोघेही अनुभवी साहसवीर होते. मुलांच्या बाबतीत तर अधिक सावधगिरी हवी. २०१० मध्ये अमेरिकेच्या जॉर्डन रोमेरो याने वडिलांसह तेराव्या वर्षी एव्हरेस्ट गाठल्यावर जगभर वाद झाला. नेपाळमधून एव्हरेस्ट चढण्यासाठी किमान वय १६ वर्षे आहे. लहान मुलांना आपली लक्षणे नेमकी सांगता येत नाहीत, म्हणून त्यांची भूक, झोप आणि चिडचिड यांवर पालकांनीच नजर ठेवावी लागते.

शिक्षण आणि मागे राहिलेले घर

हिमनदी, दोर आणि बर्फातील कुऱ्हाड यांचे काम पुस्तकातून येत नाही. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग १९६५ पासून हे शिक्षण देत आहेत, आणि त्यांचा सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम हा बर्फाच्या शिखराकडे जाण्याचा राजमार्ग आहे. आहाराचीही पूर्वतयारी लागते. उंचीवर भूक मंदावते, तेव्हा जिभेच्या ओळखीचे पदार्थच पोटात जातात, म्हणून भडंग, चिक्की, गूळ-शेंगदाणे यांना सॅकमध्ये जागा द्यावी.

घरी राहणाऱ्यांनाही मोहिमेत धरले पाहिजे. मार्गाचा तपशील, मुक्कामांच्या तारखा, विम्याची कागदपत्रे आणि आयोजकांचा क्रमांक त्यांच्याजवळ असावा, आणि कोणत्या टप्प्यात फोन लागणार नाही हे त्यांना आधीच सांगितलेले असावे, म्हणजे दोन दिवसांच्या शांततेने घराची झोप उडत नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे, माथा न गाठता परतलेल्या माणसाचे स्वागत कसे करायचे हेही घराने ठरवावे. ज्या घरात ‘मग झालं का शिखर?’ हा पहिला प्रश्न असतो, त्या घरातील माणूस धोका पत्करून पुढे जातो. ज्या घरात सुखरूप येण्यालाच यश मानले जाते, त्या घरातील माणूस वेळेवर मागे फिरतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ शकतो. पेठेच्या तालमींत पडलेल्या मल्लाला दुसऱ्या दिवशी पुन्हा मातीत उतरवले जाते. गिर्यारोहणाकडे वळणाऱ्या प्रत्येक मराठी घराने हाच संस्कार उचलावा, कारण शिखर पुढच्या हंगामातही तेथेच असते, घरातील माणसाला मात्र दुसरा पर्याय नसतो.