शेषच्या बहिणीचा सिनेमा

'देवराई' 2004 चा. वीस वर्षं कधीच उलटली आणि कुणाला पत्ताही लागला नाही. 'अशी ही बनवाबनवी'ची आठवण दरवर्षी निघते, संवाद म्हटले जातात, मीही म्हणते. 'देवराई'चं नाव काढलं की पन्नाशीच्या पुढची माणसं 'हो हो, अतुल कुलकर्णीचा ना' म्हणतात आणि विषय बदलतात.

मीही गप्प बसले असते. पण मध्यंतरी भाचेसुनेने मोबाइलवर एक रील दाखवली. दौंड स्टेशनचा फलाट, त्यावर एक माणूस हातवारे करत स्वतःशी बोलत फिरतोय, आणि वर कुणीतरी ढिंगचिक गाणं चढवलेलं. खाली हसून हसून रडणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग. मी त्या माणसाचा शर्ट बघत होते. इस्त्रीचा होता, वरपर्यंत बटणं लावलेली. म्हणजे घरी कुणीतरी होतं. सकाळी त्याला आंघोळीला लावलं होतं, शर्ट हातात दिला होता, आणि दूध उतू जायला लागलं म्हणून क्षणभर पाठ फिरवली होती.

त्या 'कुणीतरी'ला आमच्या मराठी सिनेमाने एकदाच, 'देवराई'त, नीट समोर उभं केलं, म्हणून हा मागोवा.

त्याआधीची वर्षं भराभर उरकते, कारण त्यात उरकण्यासारखंच जास्त आहे. आमच्या पिढीला वेड शिकवलं ते हिंदीने. 1970 च्या 'खिलौना'त संजीवकुमारला माणसात आणायला मुमताज घरात आणली जाते. 1969 च्या 'खामोशी'त नर्स प्रेमाचं नाटक करून पेशंट बरे करते आणि शेवटी तिचंच डोकं फिरतं. वहिदा रेहमानसाठी तो सिनेमा मी कितीदाही बघेन, पण त्यावर विसंबून कुणी घरी औषधोपचार करू नयेत. मराठीत 1991 चा 'चौकट राजा' होता. दिलीप प्रभावळकरांनी काय काम केलंय! पण तो मतिमंद मुलाचा सिनेमा, आणि आमच्या गल्लीत मतिमंद काय, मनोरुग्ण काय, दोन्ही एकच: 'डोक्याने कमी.' भावाबद्दल सांगितलं की बायका हळहळून म्हणायच्या, 'चौकट राजासारखं का?' माझा भाऊ दहावीला केंद्रात पहिला आलेला. काय उत्तर देणार?

आमच्या घरात हा आजार आला 2001 च्या पावसाळ्यात. माहेर शिरूर तालुक्यातलं, न्हावऱ्याजवळ. थोडा ऊस, थोड्या गाई, वडील गेलेले. धाकटा भाऊ पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. खोलीतली मुलं डब्यात काहीतरी कालवतात म्हणून त्याने जेवण सोडलं होतं. त्या मुलांनीच बिचाऱ्यांनी एसटीत बसवून दिला. आईने काय करावं? जे सगळे करतात तेच. लिंबू, काळा दोरा, अमावास्येला भीमेच्या काठी उतारा. देवऋषी म्हणाला, बाहेरचं आहे. त्याचे पैसे गाभण गाय विकून दिले.

त्याच पावसाळ्यात, 6 ऑगस्टला, तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका आश्रमाला आग लागली. साखळदंडाने बांधून ठेवलेल्या 28 मनोरुग्णांना सुटता आलं नाही. आईच्या नजरेला पडू नये म्हणून मी तो पेपर गादीखाली सरकवला आणि दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन दौंडला आले. आमचे हे रेल्वेत, यार्डाजवळ क्वार्टर. लग्न झालेली बहीण भावाला सासरी आणते, हे शिरूर-दौंडकडे कसं बघितलं जातं ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. सासूबाई फार बोलल्या नाहीत. फक्त त्याचा पेला वेगळा ठेवायला लागल्या.

दौंड जंक्शनला तेव्हा पुण्याकडून मनमाड मार्गाला जाणाऱ्या गाड्यांची इंजिनं पुढून काढून मागे लावत. तोवर गाडी उभी, भोंग्यावर घोषणा सुरू. रात्री झोपेत आपल्याला त्या ऐकूही येत नाहीत. त्याला प्रत्येक घोषणेत स्वतःचं नाव ऐकू यायचं. 'ताई, आता तिघांनी ऐकलं ना?' म्हणून उठवायचा. गोळ्यांनी आवाज कमी झाले, पण हात थरथरायला लागले. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायचा आणि तोंड पेल्यापाशी न्यायचा. गोळी जिभेखाली धरून मोरीत थुंकायचा तेही कळायला लागलं. मग मी गोळी दिल्यावर त्याला बोलतं ठेवायची, ती पोटात जाईपर्यंत. क्रिकेट, उसाचा भाव, काहीही. औषधासाठी पुण्याला जायचं म्हणजे सकाळची शटल. खिडकीची जागा त्याला देता येत नसे, आणि मधल्या जागेत तो घाबरायचा.

2003 च्या ऑगस्टमध्ये 'तेरे नाम' आला. गावातली पोरं मधोमध भांग पाडून डोळ्यांवर केस घेऊन फिरायला लागली. त्यातला राधे डोक्याला मार लागून आश्रमात पोचतो, बेड्यांत. एरवाडीला दोन वर्षं होत होती, आणि आमच्याकडे बेड्या घातलेल्या माणसावर शिट्ट्या पडत होत्या. सलमानचा राग नाही. पण त्या वर्षी भावाला दाढीकटिंगला नेलं की न्हाव्याच्या दुकानातली पोरं 'राधे आला' म्हणायची, हे मी विसरलेले नाही.

आणि मामा. मामांचं एकच पालुपद, दोनाचे चार हात करा, आपोआप ताळ्यावर येईल. श्रीगोंद्याकडचं स्थळही आणलं. मुलगी डीएड झालेली. मी मुलीच्या वडिलांना स्वयंपाकघरात बोलावून गोळ्यांची पट्टी दाखवली. ते हात जोडून उठले. मामा पुढची कित्येक वर्षं माझ्याशी बोलले नाहीत आणि नात्यात 'भावाचा संसार मोडणारी' म्हणून माझं नाव झालं. मामा आता नाहीत. ती मुलगी आज शाळेत मुख्याध्यापिका आहे. एवढंच लिहिते.

अशा दिवसांत 'देवराई' बघितला. गावात तो लागला नाहीच. पुण्यात डॉक्टरांच्या ओळखीने एका सभागृहातल्या खेळाला गेले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा सिनेमा. त्यामागे डॉ. जगन्नाथ वाणी होते, मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचंही त्यांनीच उभं केलेलं काम. म्हणजे ज्याच्या घरात जळत होतं त्यानेच हा सिनेमा उभा केला, आणि ते पडद्यावर कळतं.

कोकणातला शेष देसाई, हुशार, हळवा, देवराईच्या ध्यासाने झपाटलेला. कुठे ध्यास संपून आजार सुरू होतो ते घरच्यांना कळत नाही. मग बहीण, सीना, त्याला पुण्याला स्वतःच्या घरी घेऊन येते. अतुल कुलकर्णीचं कौतुक सगळ्यांनी केलं, करायलाच हवं. नजर एका जागी न ठरणं, वाक्य अर्ध्यात सोडून दुसरीकडेच जाणं, हे त्यांनी कुठे बघून ठेवलं होतं कोण जाणे. पण मी पूर्ण वेळ सोनाली कुलकर्णीकडे बघत होते. सीना दमलेली होती. ती रागावायची. तिला नवरा होता, घर होतं. चोवीस तास भावावरून जीव ओवाळून टाकणारी राखीपौर्णिमेची बहीण तिथे नव्हती. अंधारात माझ्या शेजारी बसलेली एक अनोळखी बाई हुंदके देत होती. मध्यंतरात आम्ही बोललो नाही. तिने फक्त विचारलं, 'तुमचा कोण?' मी म्हटलं, 'भाऊ.' ती म्हणाली, 'माझा मुलगा.'

दौंडमधले एक साहित्यप्रेमी गृहस्थ नाक मुरडून म्हणाले होते, हा सिनेमा कसला, ही तर आरोग्य खात्याची माहितीपुस्तिका. असेल. आमच्या घरी पुस्तिकाही कुणी दिली नव्हती. माझी तक्रार निराळी आहे. सीनाला डॉक्टर हाकेच्या अंतरावर, शहरात. आमच्याकडे डॉक्टर म्हणजे शटल.

पुढे सीडीवर भावालाही दाखवला. घाबरत होते, पण त्यानेच हट्ट धरला. शेवटपर्यंत बसला, दोनदा पाणी प्यायला, आणि म्हणाला, 'ताई, याची झाडं तरी खरी आहेत.' सिनेमाचं याहून नेमकं परीक्षण मी कुठे वाचलं नाही. सासूबाई पदर डोळ्यांना लावून उठल्या. त्याचा पेला नंतर आमच्या पेल्यांत आला, कुणी काही न बोलता.

त्यापुढचं थोडक्यात. 2005 ला अपर्णा सेनचा '15 पार्क ॲव्हेन्यू' आला, त्यातही सांभाळणारी बहीणच, शबाना आझमी. भावे-सुकथनकरांनीच 'अस्तु' केला, हत्तीच्या मागे निघून गेलेल्या विस्मरणग्रस्त संस्कृत प्राध्यापकाचा, डॉ. मोहन आगाशे त्यात. मग नैराश्यावरचा 'कासव', त्याला 2017 मध्ये सुवर्णकमळ मिळालं. दोन्ही मोठे सिनेमे, पण 'देवराई'ने घेतली तशी जागा माझ्या मनात कुणी घेतली नाही. 19 एप्रिल 2021 ला सुमित्राताई गेल्या. ऐन कोविडात, तेव्हा कुणाचं दुःख कुणाला करता येत नव्हतं.

भाऊ आता न्हावऱ्यालाच असतो. गोळ्या चालू आहेत, गाईंचं तोच बघतो. बरा झाला का म्हणून विचारतात. मधुमेह बरा झाला का, असं आमच्या यांना कुणी विचारत नाही. बऱ्याच गाड्या आता कॉर्ड लाइनवरून दौंडला बगल देऊन परस्पर जातात, घोषणा कमी झाल्या. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा चांगला आहे, रुग्णाला साखळीने बांधणं त्याने बेकायदा ठरवलं. 14416 वर टेली-मानसला चकटफू फोन लागतो, मराठीत बोलता येतं. हे आम्हाला 2001 ला मिळालं असतं तर गाय वाचली असती. पण सांभाळणारी बाई अजून एकटीच आहे. त्या रीलमध्ये ती दिसत नाही, कारण ती बहुधा फलाटाच्या दुसऱ्या टोकाला त्याला शोधत धावत असते.

म्हणून नातेवाइकांना एक विनंती. तुमच्यात असं घर असेल, आणि असतंच, तर फोन करून 'कसा आहे' विचारू नका. शनिवार-रविवार जाऊन राहा, त्या बाईला बाहेर पाठवा, माहेरी, यात्रेला, नाहीतर नुसतं शेजारणीकडे झोपायला. गोळ्यांच्या वेळा ती लिहून देईल.