दोराचे दुसरे टोक

विहिरीत पोहरा सोडला की दोर सरळ खाली जातो. तोच पोहरा चालत्या होडीतून नदीत सोडून पाहा. दोर मागे कलतो आणि पोहरा वर येऊ लागतो. चार हात दोराची ही गंमत. मग चार किलोमीटर दोराचे काय होत असेल?

१९८५ साली अटलांटिक महासागरात रॉबर्ट बॅलार्ड आणि जाँ-लुई मिशेल यांच्या पथकापुढे हाच प्रश्न होता. १९१२ साली बुडालेली 'टायटॅनिक' त्यांना शोधायची होती. 'नॉर' जहाजामागे केबलला बांधलेला, कॅमेरे लावलेला 'आर्गो' नावाचा सांगाडा सुमारे ३,८०० मीटर खोल ओढला जात होता. तो फार वर राहिला तर तळ दिसत नाही; फार खाली गेला तर आदळतो. जहाजाने वेग वाढवला की पाण्याचा रेटा केबलला मागे ढकलतो आणि आर्गो वर उचलला जातो. म्हणून माणसाच्या चालीपेक्षाही मंद जायचे!

या केबलचा स्वभाव मोठा विचित्र. लाटेने जहाज वर उचलले तर तो हिसका ताणलेल्या केबलमधून एक-दोन सेकंदांत तळाशी पोचतो. पण जहाज वळले, तर ती बातमी खाली पोचायला बराच वेळ लागतो. कारण केबलला वाटेतले सारे पाणी बाजूला सारावे लागते. वळणावर तर आर्गो जहाजाचा माग सोडून आतल्या बाजूने जातो.

हे आधी कळावे कसे? गणिताने. केबल म्हणजे मण्यांची माळ समजायची. प्रत्येक मण्याचे वजन, त्यावरचा पाण्याचा रेटा आणि शेजारच्या मण्यांची ओढ यांचा क्षणाक्षणाला हिशेब मांडायचा. वॉल्टन आणि पोलाचेक यांनी १९६० साली अशी रीत प्रसिद्ध केली. हाताने करू म्हटले तर जन्म पुरायचा नाही. ते काम संगणकाचे.

१ सप्टेंबर १९८५. मध्यरात्र उलटली होती. पडद्यावर टायटॅनिकचा बॉयलर दिसला! आनंद झाला, पण धास्तीही होतीच. अवशेषांत आर्गो अडकला तर? अशा वेळी जहाज वळवून भागत नाही. विंचने केबल वर ओढून घ्यावी लागते.

संक्रांतीला गच्चीवर उभ्या असलेल्या पोरांना हे सांगायला नको. मांजा हातात असला, तरी पतंग हातात असतोच असे नाही.